यशूची झोप

नवतप्यात, मे महिन्याच्या शेवटच्या त्या कडक उन्हात, आमच्या घरी कूलरसमोरची जागा दोघांनाच मिळायची. एक आमच्या तान्ह्या यशूचा पाळणा आणि दुसरं माझ्या नवऱ्याचं, अंकुशचं, कॉम्प्युटरचं मशीन. आम्ही मोठी माणसं, म्हणजे मी, अंकुश आणि सासूबाई, भिंतीच्या कडेनं जिथं थोडी ओल लागेल तिथं बसायचो. घर शहराच्या कडेला, वाडी नावाच्या वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर, खाली ट्रान्सपोर्टचं गोदाम. भर दुपारी अमरावती रोडच्या कडेला ट्रकसुद्धा झोपल्यासारखे उभे असायचे. खिडकीवर आम्ही ओली चादर टाकायचो. तिच्यातून उजेड हिरवट होऊन आत यायचा आणि कूलरच्या खसच्या वासात सगळं घर तलावाच्या तळाशी असल्यासारखं वाटायचं.

अंकुश बिल्डर लोकांसाठी न बांधलेल्या फ्लॅटची चित्रं करतो. सोफा, पडदे, फरशीवर सकाळचं ऊन, आणि माणूस एकही नाही. त्यासाठी त्यानं एक भारी ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं, विटेपेक्षा जड. मी फिजिक्समध्ये बीएस्सी केलंय, यशू व्हायच्या आधी क्लासमध्ये शिकवायचे. त्यामुळे त्या कार्डापेक्षा त्याला वीज देणाऱ्या केबलीकडेच माझं लक्ष असायचं. मिक्सर फिरेल एवढी वीज, आणि जाणार कुठून, तर करंगळीएवढ्या प्लॅस्टिकच्या तोंडातून. आतली एखादी पिन जरा सैल बसली की तिथला रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता. मुलांना फळ्यावर शिकवलेलं. यशूच्या कपाळाला उलटा हात लावून झाला की मी तोच हात त्या केबलीलाही लावून बघायचे. अंकुश हसायचा.

"तिले पॅरासिटामॉल देशील आता," म्हणायचा.

मग एक दिवस ती केबल खरंच वितळली. लाखेची बांगडी मेणबत्तीवर धरल्यासारखा वास घरभर पसरला. अंकुशचा मित्र संघपाल सीताबर्डीवर कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तो आला, झाकण काढून त्यानं टॉर्च मारला आणि जळकं तोंड हळूच उपटून बाहेर काढलं. पिवळट तपकिरी झालं होतं ते, कडा ओघळलेल्या.

"कार्ड वाचलं गा," तो अंकुशला म्हणाला. "केबलच गेली. सासू गेली अन् नवरी वाचली म्हण."

"आयकून राहिली मी, संघपाल!" आतून सासूबाई ओरडल्या.

संघपालनं नवी केबल लावली आणि ती नीट बसल्याचा 'टक्' आवाज मला मुद्दाम दोनदा ऐकवला. जुनी केबल मी केराच्या डब्यात टाकली.

संध्याकाळी बघते तर ती पाळण्याला बांधलेली.

आमच्या सासूबाई, इंदूबाई, काहीही फेकू देत नाहीत. पिशव्या, सुतळी, औषधाच्या बाटल्यांची बुचं, सगळं त्यांच्या पलंगाखाली असतं. पाळण्याची दोरी झिजली होती आणि ही केबल त्यांना आयती सापडली. वरून काळी, विणलेली, हाताला मऊ.

"एवढी चांगली दोरी काहून फेकली वं?" त्या मलाच म्हणाल्या. "साडीच्या काठापेक्षा मजबूत हाय."

"आई, निदान ते जळकं तोंड तरी कापा."

"राहू दे. गाठीसारखं अटकते थे. सुटत नाही."

वितळलेलं तोंड त्यांनी झोळीच्या खाली, बरोबर यशूच्या पाठीपाशी, कापडात अडकवलं होतं. दुसऱ्या टोकाला जुना नाडा जोडून त्या भिंतीला टेकून बसायच्या आणि ओढायच्या. शेजारच्या यमुताईंनी आल्याआल्या टोमणा मारला, "काळा दोरा कवापासून चालते वं तुमच्या बौद्धाच्या घरात?"

"दोरा नोहे थो," सासूबाई म्हणाल्या. "कंप्युटर हाय."

आणि यशू झोपायला लागली.

जिला आठ महिन्यांत कधी सलग झोप नव्हती, कुकरची शिट्टी झाली तरी जी दचकायची, ती पोरगी आता जेवणानंतर डोळे मिटायची ते चार वाजेपर्यंत. सासूबाई खूश, अंकुश खूश. मीही खूश व्हायला हवं होतं. पण मी पाळण्याशी उभी राहून तिची छाती वरखाली होते का ते बघत राहायचे. व्हायची. अगदी सावकाश, फार खोलवरून. पापण्यांखाली बुबुळं फिरत असायची. ती काहीतरी बघत होती, मन लावून.

एकदा झोळी नीट करताना ते जळकं तोंड हाताला लागलं. कोमट होतं. मी मनाशी म्हटलं, यशूच्या अंगाची ऊब. पण तिच्या पाठीखाली हात घातला तर पाठ थंड, कूलरच्या वाऱ्यानं गार झालेली. पाळण्याचा लोखंडी दांडाही थंड. मी केबल चाचपत दुसऱ्या टोकापर्यंत गेले. ती कशालाही जोडलेली नव्हती. नाडा, आणि नाड्याच्या पुढे सासूबाईंची मूठ.

त्याच वेळी मागे मशीनच्या पंख्यांचा आवाज वाढला. मोठं काम सुरू झालं की वाढतो तसा. अंकुश तर मोबाइलवर बोलत होता.

"काय चालू केलंस?"

"काही नाही. अपडेट घेत असन."

मी ती केबल सोडवली आणि माझी ओढणी बांधली. त्या दुपारी यशू रडली, नुसती रडली. लाल झाली, उलटी केली. सासूबाईंनी ओढणी काढून माझ्या हातात दिली आणि काळी दोरी परत बांधली. झोळी दोनदा हलली असेल, नसेल, यशू गप्प झाली. मशीनचे पंखे वाढले.

त्या आठवड्यात नव्या केबलचंही तोंड तपकिरी पडलं. संघपाल पुन्हा आला, या वेळी विनोद न करता. "टक् करून बसली होती ना वहिनी? तुमच्यासमोरच बसवली होती." त्यानं वीज मोजायचं सॉफ्टवेअर लावून दिलं. आकडा खाली पडून होता. पाळणा हलायला लागला आणि यशूची मान कलली, तसा तो चढत गेला. संघपालनं आकड्याकडे बघितलं, मग पाळण्याकडे. चहा अर्धा ठेवून निघाला.

"मशीन बंद ठेवा थोडे दिवस," जिन्यावरून म्हणाला.

अंकुशला ते जमण्यासारखं नव्हतं. बिल्डरचं काम संपत आलं होतं. त्यात एक लहान मुलाची खोली होती, निळ्या भिंती, लाकडी पाळणा. अंकुश ती पुन्हापुन्हा बघत होता.

"मोनाली, इकडे ये. हा कॅमेरा मी असा लावला नव्हता."

चित्रात खोली उभी दिसत नव्हती. छत दिसत होतं, खालून, उताणं पडून बघितल्यासारखं. मधोमध पंखा, आणि पंख्याशेजारी ओलीचा एक डाग, एका बाजूला बदकाच्या चोचीसारखा वाकलेला.

मी मान वर केली. आमच्या छताला तो डाग मागच्या पावसाळ्यापासून आहे.

"तू काढलास?"

"मी काहून काढन?"

आम्ही दोघांनीही पाळण्याकडे बघायचं टाळलं. अंकुश म्हणाला, आज रामदासपेठेत बिल्डरच्या ऑफिसात झालेलं काम देऊन येतो, मग मशीन संघपालकडेच टाकतो. मी म्हटलं, आत्ताच बंद कर. तो म्हणाला, एक शेवटचं चित्र तयार व्हायला लागलंय, आपोआप संपेल, त्याला हात लावू नको. पेन ड्राइव्ह घेऊन तो गेला.

दुपार वर चढली. चादरीचं पाणी सुकत आलं. गोदामात कुणीतरी रेडिओ लावला होता, तो कधी यायचा, कधी बुडायचा. सासूबाई भिंतीला टेकून झोपी गेल्या, पण त्यांचा हात झोपला नव्हता. नाडा ओढत होता, सोडत होता. त्या लयीत माझेही डोळे जड होत होते. झोळीची सावली फरशीवरून पुढे यायची, माझ्या पायाला लागायची, मागे जायची.

लाखेच्या वासानं मी जागी झाले.

मशीन नाही, पाळणा. वास तिकडून येत होता. झोळीखालचं तोंड मी चिमटीत धरलं आणि सोडून दिलं, एवढं तापलेलं. यशूला उचलायला वाकले. तिची मान माझ्या हातावर सैल पडली.

"यशू. यशूबाळा."

श्वास होता. गाल हलवले, तळव्यांना टिचक्या मारल्या. चादरीचा ओला राहिलेला कोपरा तिच्या तोंडावर पिळला. पाणी कानामागून ओघळलं. पापणी हलली नाही. पापणीखाली बुबुळं मात्र वेगानं फिरत होती.

"आई! उठा!"

सासूबाईंचा हात तेवढा हलत होता.

मी मागे बघितलं. मशीनच्या पडद्यावर अंकुशचं शेवटचं चित्र भरत होतं. वरून खाली, एकेक चौकोन, आधी कण कण, मग स्वच्छ. छत. पंखा. डाग. आणि आता पंख्याच्या अलीकडे कुणीतरी वाकलेलं. सुटलेले केस. कपाळ. कपाळावर उजवीकडे कांजण्यांचा व्रण.

माझा हात माझ्या कपाळाकडे गेला.

भुवया भरल्या. मग डोळे. ते डोळे घाबरलेले होते. मी घाबरल्यावर कशी दिसते ते मला तोवर माहीत नव्हतं. नाकाचा शेंडा आला. खालचा, ओठांचा चौकोन अजून नुसत्या कणांचा होता, करडा, थरथरता.

मशीनमधून धुराची एक बारीक रेघ निघाली.

चित्र पुरं होऊ द्यावं की काय, असं एक क्षण वाटलं. का वाटलं, सांगता येत नाही. तेवढ्यात यशूचा श्वास थांबला.

मी मशीनचं भिंतीवरचं बटण दाबलं.

पडदा काळा झाला. पंखे थांबले. सासूबाईंचा हात मांडीवर पडला.

आणि यशू रडली. मोठ्यानं, नेहमीसारखी.

मशीन त्याच संध्याकाळी संघपालकडे गेलं, केबल नगरपालिकेच्या गाडीत गेली. सासूबाईंनी स्वतः टाकली. यशू आता पूर्वीसारखीच झोपते, कुकरच्या शिट्टीला दचकते. तिला घेऊन आम्ही रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. कान तपासले, डोळे तपासले. सगळं चांगलं आहे. डॉक्टर म्हणाले, पहिलटकरणीला अशा शंका येतात.

ती मला ओळखते. माझ्या डोळ्यांत बघते, कपाळावरच्या व्रणाला बोट लावते, हसते. फक्त मी बोलले की तिचं हसू थांबतं आणि ती मान वळवते. दाराकडे, खिडकीकडे, पलंगाखाली. आवाज कुठून आला ते शोधते. अंकुश बोलला तर त्याच्या तोंडाकडे बघते. आजी बोलली तर आजीच्या तोंडाकडे. मी गाणं म्हटलं की घरभर शोधते आणि शेवटी रडते. म्हणून हल्ली मी तिच्याजवळ फारशी बोलत नाही.

काल तिला मांडीवर घेतलं होतं. तिनं माझा व्रण चाचपला, नाक धरलं. मग बोटं खाली सरकवली आणि तिथंच ठेवली, माझ्या ओठांवर. तिची चारही बोटं मला दिसत होती.

जाणवत नव्हती.