उलटे आटे

ही गोष्ट मला कुणी सांगितलेली नाही. ती माझ्यासमोर घडली आहे.

आणि ती रात्रीची नाही. भर दुपारची आहे.

१९८२ सालचा एप्रिल. गाव पौड, तालुका मुळशी. मी तेव्हा तिथल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होते. माझा धाकटा भाऊ फकरुद्दीन, त्याची बायको गुलशन आणि मी, असे आम्ही तिघं राहायचो. गुलशनला नववा महिना लागला होता.

फकरूची एक जुनी जीप होती. पौड ते ताम्हिणी भाडी मारायचा. त्या वर्षी त्याने लष्कराच्या लिलावातले रुंद टायर स्वस्तात उचलले. बसवले, आणि लगेच कळलं की ते आतल्या बाजूला स्प्रिंगच्या पाट्यांना घासतात.

उपाय एकच होता. ब्रेकचा ड्रम आणि चाक यांच्यामध्ये जाड चकती घालायची, म्हणजे चाक तेवढं बाहेर येतं. शहरात त्याला स्पेसर म्हणतात. आमच्या गावचा मेकॅनिक गेणबा चकतीच म्हणायचा.

चकत्या निवडताना फकरूने मला पुण्याला बरोबर नेलं. लेथवाला नवीन ॲल्युमिनियमच्या करून द्यायला तयार होता, पण आठवडा मागत होता. जुन्या बाजारात एकाकडे लोखंडी सेट तयार पडला होता. चार चकत्या, सोबत लांब स्टड, म्हणजे नट ज्यांवर बसतात ते आट्यांचे दांडे. गंज फक्त वरवरचा.

मी शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर नेला होता. चारही चकत्यांची जाडी मोजली. मधलं भोक हबवर, म्हणजे चाकामागच्या गोल उंचवट्यावर, घट्ट बसेल का, ते पाहिलं. चकती घातल्यावर नटाला पुरेसे आटे मिळतात का, तेही पाहिलं.

"काय आपा, पास की नापास?" फकरूने विचारलं.

"पास," मी म्हणाले.

मापात काहीच चूक नव्हती. आजही मी तेच सांगेन.

दुसऱ्या दिवशी गेणबाने चकत्या बसवल्या. तो बडबड्या माणूस होता. काम करता करता फकरूची मस्करी चालली होती.

"फकरूभाई, उजवीकडचं नट सरळ आवळायचं. डावीकडचं उलटं. जीपच्या डाव्या अंगाला आटं उलटं असत्यात. भुताच्या पायावानी."

"मला काय नवीन सांगतोस? जीप माझी आहे."

"सांगायला पाहिजे, बाबा. सांगायला पाहिजे."

मग त्याने एक चकती रॉकेलने पुसली. मधल्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं…

आणि गप्प झाला.

चारही चाकं बसेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, उन्हाने दमला असेल.

त्यानंतरच्या दुपारी मी घरात पेपर तपासत होते. फकरू जेवून आडवा झाला होता. जीप मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती.

तिकडून आवाज आला.

कट…

नटावर पाना लावून वर पाय दिला की येतो, तसा आवाज. थोडा वेळ शांतता. मग पुन्हा.

कट…

असे पाच. एका चाकाला नट पाचच असतात.

मी शेडमध्ये गेले. कुणी नव्हतं. पाना सीटखालच्या पेटीत होता. पण मागचं डावं चाक हाताने हलवलं, तर डुगडुगलं.

पाचही नट सैल होते.

फकरू तडक गेणबाकडे गेला. "गुलशनला दवाखान्यात न्यायची गाडी आहे ही! झोपेत काम करतोस काय?" गेणबाने उलट उत्तर दिलं नाही. आला, नट आवळले, मान खाली घालून निघून गेला. गेणबाला टोमणा मारला आणि त्याने परतफेड केली नाही, असं गावात कधी झालं नव्हतं.

पुढच्या दुपारी पुन्हा तेच. पाच आवाज. डावं चाक सैल.

"कुणीतरी मुद्दाम करतंय," फकरू म्हणाला. "धंद्यावर जळणारे काय कमी आहेत?"

मी खडू आणला. चारही चाकांच्या प्रत्येक नटावर एक रेघ ओढली, नटावरून थेट रिमवर उतरणारी. नट जराही फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार. शेडला कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज आले. या वेळी पाचावर थांबले नाहीत. चारही चाकं झाली.

मी कुलूप काढून आत गेले.

डावीकडच्या रेघा तुटल्या होत्या. ते अपेक्षितच होतं. पण उजवीकडच्याही तुटल्या होत्या. आणि सगळ्या एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने.

मी उजव्या चाकाच्या नटाला पाना लावून पाहिला. हलेना. फकरूने जोर लावला, त्यालाही हलेना.

मी जमिनीवर बसले. नीट विचार केला.

नट सैल करायला आलेला माणूस उजवीकडचे इतके घट्ट कशाला करेल? त्याने सगळे नट एकाच दिशेला फिरवले होते. उजवीकडे त्या दिशेने नट आवळला जातो. डावीकडे, उलट्या आट्यांमुळे, सैल होतो.

म्हणजे जो कोणी होता, तो सैल करत नव्हता…

तो आवळत होता.

मी गेणबाकडे गेले. तो गॅरेजपुढच्या चिंचेखाली भाकरी खात होता. मी रेघांबद्दल सांगितलं. घास त्याच्या हातातच राहिला.

"बहिरू," तो म्हणाला.

"कोण बहिरू?"

"धरणाच्या काठच्या वाडीतला. दोन वर्सं झाली, बाई. त्यानं जीप घेतली. त्याच्या गाडीला ह्याच चकत्या मीच बसवल्या हुत्या. मधलं भोक हबवर बसंना, म्हनून मी कानशीनं घासलं. माजा हात मी वळखतो."

"मग बसवताना का नाही सांगितलंत?"

"म्हटलं, लोखंड ते लोखंड. त्याला काय याद ऱ्हातीया?"

त्याने ताट बाजूला सारलं.

"बहिरूनं त्याआदी नुस्ता टेम्पो चालवला हुता. उलटं आटं त्याला ठावं न्हवतं. आन् मी सांगायचं इसरलो. साळूला, त्याच्या बहिनीला, सासरी पोचवायला निघाला. वाटंत चाकाचा आवाज आला म्हनून उतरला. डाव्या चाकाच्या एकेक नटावर पाना लावून पाय दिला. कट वाजलं. त्याला वाटलं, आवळला. खरं तर त्यो सुटला हुता."

"आणि पुढे?"

"वळनावर चाक निगालं. साळू जाग्याव गेली. ह्यो वाचला, गाडी भंगारात गेली. मंग महिनाभर हितं येऊन बसायचा. म्हनायचा, गेणबा, मी कमी आवळलं रं. कुनाचीबी गाडी उभी दिसली की चाकं आवळत बसायचा. एक दिवस धरनात घावला."

"तुम्ही त्याला खरं सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? तुज्याच हातानं सुटलं म्हनून? का मी तुला सांगायचं इसरलो म्हनून? त्यो म्हनायचा, कमी आवळलं. मी म्हनायचो, व्हय. कमीच आवळलं असशील." गेणबाने डोळे पुसले. "सांजच्याला येतो आन् चकत्या काडतो. पर बाई, तुमी त्याला कायबी सांगू नका. हात जोडतो."

हसावं की घाबरावं, तेच कळत नव्हतं.

घरी आले तर फकरू दारात जीप काढून उभा. गुलशनला कळा सुरू झाल्या होत्या. एसटीला दोन तास होते. दुसरी गाडी गावात नव्हती.

मी फकरूकडून डावीकडचे नट पुन्हा आवळून घेतले, उलटे, पूर्ण जोराने. त्यावर नव्या रेघा ओढल्या. आणि पुण्याच्या दवाखान्याकडे निघालो.

पिरंगुटचा घाट चढून जाईपर्यंत रेडिएटर उकळला. फकरूने गाडी कडेला घेतली आणि पाण्याचा डबा घेऊन खालच्या घराकडे पळाला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मागच्या सीटवर गुलशन माझं नाव घेऊन कण्हत होती. मी उतरून तिच्या बाजूने उभी राहिले.

मागच्या डाव्या चाकाशी.

कट…

माझ्या पायाशी. हातभर अंतरावर.

मी खाली पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. पण नटावरची खडूची रेघ माझ्या डोळ्यांदेखत सरकली.

कट…

दुसरी.

"आपा, कसला आवाज?" गुलशनने विचारलं.

"काही नाही. इंजिन थंड होतंय."

पाण्याला गेलेला फकरू दिसत नव्हता. पुढे बावधनचा उतार होता. नट आम्ही पुन्हा आवळले असते, आणि त्याने पुन्हा 'आवळले' असते. गाडी चालू असताना तो येतो की नाही, हे मला माहीत नव्हतं. गुलशनने माझा पदर मुठीत धरला होता.

कट…

मी वाकले. त्या मोकळ्या जागेकडे बघून, वर्गात बोलते तशी बोलले.

"बहिरूदादा, थांब. डाव्या बाजूला आटे उलटे असतात. तू फिरवतोस त्या दिशेने नट सुटतो. तू कमी आवळलं नव्हतंस. उलटं फिरवलं होतंस."

आवाज थांबला.

मी नटांवरच्या रेघांकडे पाहत राहिले.

मग चाकापाशी, अगदी खालून, कुणीतरी हळू विचारलं…

"गेणबाला ठावं हुतं?"

मी शिक्षिका आहे. कुणी प्रश्न विचारला की माझ्या तोंडून उत्तर जातं.

"हो," मी म्हणाले.

त्यानंतर नट फिरले. पाचही. पहिल्यांदाच योग्य दिशेने. हळूहळू, एकेक करून, जणू कुणी प्रत्येक आटा तपासून पाहत होतं. शेवटचा आवळला गेला, तेव्हा पत्र्याच्या त्या जड गाडीला हलकासा हेलकावा बसला. तिला टेकून बसलेलं कुणी उठावं, तसा.

फकरू पाणी घेऊन आला. आम्ही वेळेत पोचलो. संध्याकाळी गुलशनला मुलगी झाली, अमिना. दोघी सुखरूप होत्या.

दुसऱ्या दिवशी गेणबाने चकत्या काढल्या आणि नेऊन धरणात टाकल्या. आमच्या शेडमधला आवाज पुन्हा कधी आला नाही.

पंधरा दिवसांनी गेणबाचा निरोप आला, बाईंना जरा पाठवा.

मी दुपारी गेले. तो चिंचेखालीच बसला होता. भाकरी पुढ्यात, पण तिला हात लावलेला नव्हता. गालफडं बसली होती. त्याने समोरच्या बाकाकडे हात केला, तशी मी बसले.

"तुमच्याकडचा आवाज थांबला न्हवं?"

"थांबला."

"त्यो हितं येतुया. रोज, जेवायच्या टायमाला. पाना न्हाई, आवाज न्हाई. काय करत न्हाई. नुस्ता म्होरं बसून माज्याकडं बघतुया." त्याचा आवाज खाली आला. "बाई, तुमी त्याला काय सांगितलं?"

"आट्यांचं सांगितलं. गुलशन गाडीत होती, गेणबा. दुसरा उपाय नव्हता."

"त्ये बरं केलं. लेकराचा सवाल. आन् माजं?"

खरं सांगितलं तर काय होतं, ते मी समोर पाहत होते. गेणबाने बहिरूला खोटं का सांगितलं, ते मला त्या क्षणी कळलं.

"मी त्याला सांगितलं, गेणबाला ठाऊक नव्हतं," मी म्हणाले.

गेणबाने माझ्याकडे पाहिलं.

मग त्याने बाकावरच्या माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. बराच वेळ.

"बाई," तो म्हणाला, "त्यो मान हालवतुया… न्हाई म्हनून."