कचरू भाटाची वही

मी चिखलीच्या कॉलेजात इतिहास शिकवते. इंग्लंडच्या गादीचा वारसा हा धडा दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो. पोरांना त्यातली एक गोष्ट फार आवडते. तिकडे राजा मेला की त्याच क्षणी वारस राजा झालेला असतो, राज्याभिषेक मागून सवडीनं होतो. गादी क्षणभरही रिकामी राहत नाही. मटिल्डापाशी आले की मात्र माझा आवाज चढतो. तिच्या बापाला, पहिल्या हेन्रीला, मुलगा उरला नव्हता. म्हणून त्यानं सगळ्या सरदारांकडून या मुलीसाठी शपथा घेतल्या. तो मेला आणि सरदारांनी गादी दिली त्याच्या भाच्याला, स्टीफनला. नऊशे वर्षं होत आली, तरी मला त्या सरदारांचा राग येतो.

यंदा तर राग घरातच शिजत होता. माझे वडील भगवानराव हे उंद्रीजवळच्या आमच्या गावचे पाटील. पाटीलकी कायद्यानं कधीच गेली, पण पोळ्याला पहिली बैलजोडी अजून आमची असते, आणि पाटील गेला की तेरवीला पुढच्या पाटलाच्या डोक्यावर पागोटं बांधतात. बाबांना मी एकटीच. अकरा वर्षं रोज जीपनं चिखलीला जाऊन-येऊन मी त्यांचं औषधपाणी, शेत, बैल, सगळं पाहिलं. गेल्या दिवाळीत त्यांनी धाकट्या भावाला, शालिग्रामकाकांना, बेलभंडार उचलायला लावला, की पागोटं रेणुकाचं. काकांनी उचललाही. आणि बाबांच्या तेरवीच्या सकाळी पाहते तर पागोट्यासमोर न्हाऊन-माखून बसला होता त्यांचा मुलगा हर्षल.

"शपथ घेतली होती तुम्ही," मी म्हणाले.

"मरत्या मानसाचं मन राखा लागते," काका म्हणाले. "पोरीच्या डोक्यावर पागोटं पाह्यलं का कोनी?"

"इंग्लंडात सुद्धा कायदा बदलला, काका. थोरली मुलगी आता धाकट्या भावाच्या मागे जात नाही."

"मंग जाय तिकडं."

हर्षल मान खाली घालून बसून राहिला. त्याला एक शब्द बोलता आला असता.

पागोटं चढवण्याआधी भाटानं वंशावळ वाचायची, ही आमच्याकडची रीत. म्हातारा कचरू भाट मेहकरकडून येतो. तो एकेक नाव वाचतो आणि माझी जनकाआत्या त्या नावाची सुपारी कुंकू लावून पाटावर मांडते. मूळ पुरुषापासून बाबांपर्यंत नावं नऊ.

वाचून झालं. पाटावर सुपाऱ्या दहा होत्या.

काका आत्यावर खेकसले. आत्यानं सगळ्या गोळा केल्या, नऊ मोजून घेतल्या आणि उरलेल्या सुपाऱ्यांचा डबा काकांच्या मांडीवर दिला. कचरूनं पुन्हा वाचायला घेतलं. या वेळी मी आत्याच्या हातावरून नजर हलवली नाही. वीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये पोरांचे हात पाहिलेत मी.

अकरा झाल्या.

जास्तीच्या दोन बाकीच्यांसारख्या नव्हत्या. बारीक, काळ्या पडलेल्या, आणि त्यांना जुन्या ओलीचा वास होता. एक चौथ्या नावाच्या मागे, दुसरी सातव्याच्या. बाहेर मंडपात पत्रावळी मांडल्याचा आवाज येत होता.

"चौथ्यामागची रुखमा हाय," आत्या हळूच म्हणाली. "पाटलाची एकलीच पोर. पागोटं पुतन्याले गेलं."

"आणि दुसरी?"

"तिचं नाव मले बी कोनी सांगतलं नाई."

"काय झालं दोघींचं?"

"वरीस नाई काढलं."

मला भीती वाटायला हवी होती. पण माझं डोकंच फिरलं. या घरानं पोरी गिळल्या, त्यांची नावंसुद्धा गिळली, आणि काका अजून डब्याचं झाकण हलवून पाहत होते.

"कचरूबुवा, माझं नाव वाचा," मी म्हणाले. "बाबांच्या नंतर, सगळ्यांसमोर. मला त्या दोघींसारखं चोरून यायचं नाही."

"नको बाई. ह्या वहीत नाव चढते ते मानूस गेल्यावर."

"वाचा म्हणते ना."

"वाच गा कचरू," काका हसले. "होऊ दे तिचं समाधान. असन तर वाचशीन."

कचरूनं पान उलटलं. पुढचं पान कोरं असणार, हे त्याला माहीत होतं, मलाही. त्यानं त्या पानावरून बोट फिरवून पाहिलं. मग बाकीची नावं वाचली होती त्याच आवाजात त्यानं वाचलं, "रेणुका भगवानराव."

आत्याचे दोन्ही हात पदराखाली होते.

बाबांच्या सुपारीशेजारी बारावी सुपारी होती. तिच्यावरचं कुंकू ओलं होतं.

मी वही ओढली. माझ्या नावाची शाई बाकीच्या नावांसारखीच जुनी, विटकी होती. प्रत्येक नावापुढे गेल्याची तिथी असते. माझ्या नावापुढे कचरूनं अंगठा दाबून धरला होता.

"अंगठा काढा."

तो काढेना.

काका पलीकडून वाकले. त्यांच्या बाजूनं दिसत असावं. त्यांनी वाचलं, बोटांच्या पेरांवर दिवस मोजले, पुन्हा वाचलं. मग उठले आणि हर्षलसमोरचं पागोटं स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर ठेवलं.

"घे माय, तुलेच शोभते," ते म्हणाले. इतक्या मायेनं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "पोळ्याचं तेवढं हर्षललेच पाहा लागन."

आता पोळा अकरा दिवसांवर आला आहे. मी ठणठणीत आहे. कॉलेजला जाते, मटिल्डाही शिकवून झाली. कचरू वही घेऊन गेला, त्याचा फोन लागत नाही. रोज सकाळी मी दार उघडते तेव्हा हर्षल ओट्यावर येऊन बसलेला असतो. मी त्याच्यावर ओरडते, दार आपटते, तरी तो जात नाही. आत खुंटीवर पागोटं आहे ना, तेवढं वाकून पाहतो आणि हळूच विचारतो, "ताई, झोप लागली का?"