मामाचं 'तात्पुरतं'

"ढकला! अजून थोडं!" ताई ओरडली.

आईची मोटरसायकल फाटकातून अंगणात आणेपर्यंत ताई, तिचा धाकटा भाऊ बटाट्या आणि शेजारची चष्मी, तिघांचीही दमछाक झाली. आई बुटांसकट पायरीवर बसली आणि तिने डोळेच मिटले. दवाखान्यातली रात्रपाळी करून अर्धा रस्ता ती गाडी ढकलत आली होती. आठवड्यातली ही तिसरी वेळ! शाळेच्या सुट्टीत मुलांना आई घरी दिसायची ती अशीच, पार गळून गेलेली.

"इंजिन गेलं," मामाने निकाल दिला. "संध्याकाळी भंगारवाला येतोय. देऊन टाकू!"

"आणि मी कामावर जाऊ कशी?"

"तात्पुरती चालत जा!"

मामाचं सगळंच तात्पुरतं. खिडकीला तात्पुरती सुतळी, नळाला तात्पुरती चिंधी! आत जाता जाता तो गरजला, "आणि माझा पिवळा मोजा पळवणारा चोर सापडू दे, महिनाभर भांडी घासायला लावतो!" त्या एका मोज्यापायी त्याने सुट्टीभर मुलांचं डोकं खाल्लं होतं.

चष्मी विचारात पडली. "काकू, बंद पडल्यावर गाडी पुन्हा चालूच होत नाही का?"

"होते गं. दहा मिनिटं विसावली की थोडी चालते, पुन्हा थांबते. माझ्यासारखीच."

"मग इंजिन कुठे गेलंय? त्याला पेट्रोलच पोचत नसेल!" ताई म्हणाली. "आई, बघू आम्ही?"

आईने एक डोळा उघडला. "इथेच, माझ्यासमोर. आणि आधी गॅस बंद आहे का बघून या."

टाकीखालच्या कॉकची, म्हणजे पेट्रोलच्या तोटीची, नळी ताईने काढली आणि कॉक उघडला. धार लागायला हवी होती, पण पडले नुसते थेंब!

"कॉक तुंबलाय!" बटाट्या नाचायला लागला.

तिघांनी टाकी उतरवली आणि पेट्रोल झाकणाच्या तोंडातून डब्यात ओतलं. पान्याने नट ढिला करून ताईने कॉक अलगद बाहेर घेतला. त्याच्या बोटाएवढ्या जाळीवर लोकरीचे धागे गच्च बसले होते. पिवळे!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बटाट्याने टाकीत वाकडी तार घातली आणि हळूच ओढली.

"मामा!" ताईने हाक मारली. "मोज्याचा चोर सापडला! भांडी नक्की महिनाभर ना?"

"महिनाभर म्हणजे महिनाभर!" मामा तावातावाने बाहेर आला. समोर तारेला मोजा लोंबत होता, पेट्रोलने निथळत! मामाचा चेहरा पडला.

"अरे... टाकीचं झाकण सापडत नव्हतं, म्हणून मीच मोज्याचा बोळा कोंबला होता. तात्पुरता! मग झाकण सापडलं, ते तसंच वरून लावलं आणि विसरूनच गेलो..."

"आणि बोळा आत!" चष्मी टाळ्या पिटत म्हणाली.

आई हसली नाही. "तुझ्या त्या बोळ्यापायी मी तीन वेळा गाडी ढकलली," एवढंच ती म्हणाली. मामाने लगेच भंगारवाल्याला फोन लावून येऊ नको म्हणून सांगितलं.

जाळी पेट्रोलमध्ये धुऊन, ब्रशने घासून लख्ख झाली. टाकी आतून खळबळून घेतली. वायसर नीट बसवून नट आवळला, पेट्रोल गाळून भरलं. आता मात्र कॉकमधून सरळ धार! नळी जोडून झाल्यावर चष्मीने खाली कागद धरून पाहिला. एक थेंबही गळत नव्हता.

संध्याकाळी आईने किक मारली. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. गल्लीत तीन फेऱ्या मारल्या, तरी थांबली नाही!

"शाब्बास रे पोरांनो!" आईचा आवाज अजून थकलेलाच होता, पण डोळे भरून आले होते. "उद्या सकाळी मी गाडीवर बसून घरी येईन."

आतून भांड्यांचा आवाज येत होता.