सोडवायला आलेला माणूस

गेजकाका त्या कामावर निघाले तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन जोड कपडे, दाढीचं सामान आणि रुळांमधलं अंतर मोजायची लोखंडी गेजपट्टी होती. या पट्टीवरूनच त्यांना ते नाव पडलं होतं. पस्तीस वर्षं त्यांनी रेल्वेचे रूळ सांभाळले. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ काही जळला नव्हता. घरातल्या खुर्च्यासुद्धा हा माणूस मापात ठेवतो असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

काम साधं होतं, जागा साधी नव्हती. युद्ध थांबून जेमतेम महिना झाला होता. नदीकडे जाणाऱ्या एकेरी मार्गावरचे रूळ उखडलेले होते आणि खडीत सुरुंग तसेच पडून होते. मार्ग पुन्हा उभा करायला नोकरीतला एकही इंजिनिअर तयार होईना. काकांनी आपणहून अर्ज केला.

"वय काय तुमचं, काका?" वरिष्ठांनी विचारलं.

"रुळावरून चालता येईल इतकंच आहे," काका म्हणाले, आणि सही करून मोकळे झाले.

काकूंना मात्र असं उडवून लावता येत नव्हतं. त्यांनी विटकरी लोकरीचा एक मफलर घडी करून पिशवीत सगळ्यांत वर ठेवला.

"तुम्ही रूळ बसवायला नाही चाललात," त्या म्हणाल्या.

"मग माहितीये ना तुला?"

"माहितीये. हा छोट्याचा मफलर. थंडी फार असते तिकडे. तो सापडला तर आधी त्याच्या गळ्यात घाला." मग पिशवीचे बंद बांधत म्हणाल्या, "दोघं या. नाहीतर... नाहीतर एकटे तरी या."

छोट्या हा त्यांचा एकुलता एक मुलगा. उंची सहा फूट, पण नाव लहानपणी पडलं ते पडलंच. त्याच मार्गावरच्या शेवटच्या, नदीकाठच्या स्टेशनात तो स्टेशन मास्तर होता. आठ महिन्यांपूर्वी त्या स्टेशनावर बॉम्ब पडले आणि बेपत्ता लोकांच्या यादीत त्याचं नाव आलं. मृतांच्या यादीत ते कधी आलं नाही, म्हणून काकू रोज तिघांचं पान मांडत आल्या होत्या.

या पोराला काकांनी बाराखडीच्या आधी रेल्वेचे दोन नियम शिकवले होते. पहिला गोळ्याचा. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून दोन्ही टोकांच्या स्टेशनांत एकेक यंत्र असतं. यंत्रातून लोखंडी गोळा काढायचा, ड्रायव्हरच्या हाती द्यायचा, मग गाडी सोडायची. तो गोळा पुढच्या स्टेशनातल्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा कुठूनही निघत नाही. गोळा नाही तर गाडी नाही. दुसरा नियम चार्जचा. आपल्याला सोडवायला दुसरा माणूस आला, त्याने वहीत सही करून चार्ज घेतला, की मगच खुर्ची सोडायची. आभाळ कोसळलं तरी त्याआधी नाही.

पोरगं भलतंच शहाणं. जेवायला हाक मारली तरी स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून उठायचं नाही. "सोडवायला माणूस आला की येतो," म्हणायचं. मग काकू पिठाच्या हातांनी पाटीवर सही करायच्या आणि म्हणायच्या, "घेतला बाबा चार्ज, आता ऊठ." तेव्हा कुठे स्वारी पानावर यायची. काका हसून हसून बेजार व्हायचे. त्या हसण्याची आता त्यांना लाज वाटत होती.

कारण एक गोष्ट त्यांनी काकूंना कधीच सांगितली नव्हती. बॉम्ब पडले त्या दिवशी, दुपारी चार वीसला, छोट्याने त्यांना फोन केला होता. "बाबा, यंत्र अडकलंय. गोळा निघत नाही. अलीकडच्या स्टेशनात कुणी फोन उचलत नाही. डब्यांत चारशे माणसं बसलीयेत, लहान पोरं आहेत. तशीच सोडू का गाडी?" तरुणपणी काकांनी समोरासमोरची एक टक्कर पाहिली होती. डबे कापून माणसं काढली होती त्यांनी. ते म्हणाले, "गोळ्याशिवाय गाडी हलवायची नाही. थांब." आणि छोट्या नेहमीसारखाच म्हणाला, "बरं, बाबा." पाऊण तासाने विमानं आली.

मार्ग रिकामाच होता, हे नंतर कळलं. आधीची मालगाडी कधीच सुखरूप पोचली होती. तिचा ड्रायव्हर तोफा ऐकून गोळा खिशात घेऊनच पळाला, म्हणून यंत्र अडकलं होतं. ती चारशे माणसं वीस मिनिटांत वाचली असती. बापाच्या एका शब्दाने पोर गेलं, हे काकांनी मनात पुरून ठेवलं होतं आणि ते तिथे रोज नव्याने उगवत होतं.

काम अलीकडच्या स्टेशनातून सुरू झालं. हाताखाली चौदा माणसं आणि त्यांचा मुकादम. मुकादम बडबड्या, पण कामाला वाघ. स्टेशन मास्तरच्या खोलीचं अर्धं छप्पर उडालेलं होतं. भिंतीला लागून गोळ्याचं ते यंत्र मात्र जसंच्या तसं उभं होतं. त्याचा काटा आठ महिने 'गाडी लाइनवर' या खुणेवर अडकून पडला होता. तिथून नदीपर्यंत अकरा किलोमीटरमध्ये तारेचा एक खांब शिल्लक नव्हता.

नवव्या दिवशी दुपारी धुकं उतरलं. ओल्या राखेचा वास घेऊनच ते आलं. काका आणि मुकादम चहा घेत त्या खोलीत बसले होते. माणसं पुढे लाइनवर होती. हातोड्यांचे आवाज धुक्यातून विझत विझत येत होते. आणि यंत्राची घंटा वाजली. एकदाच, स्वच्छ.

मुकादमाचा कप तोंडापाशीच राहिला. "काका... तारा तर..."

"नाहीतच तारा."

काकांनी यंत्राचा रिसीव्हर कानाला लावला. आधी नुसती कुजबुज, खूप माणसं दाटीवाटीने बसल्यावर होते तशी. एक तान्हं मूल रडत होतं. मग अगदी जवळून, दमलेला आवाज आला. "यंत्र अडकलंय... गोळा निघत नाही. डब्यांत माणसं आहेत. तशीच सोडू का... बाबा?"

काकांनी रिसीव्हर ठेवून दिला. भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे नाही, आपल्या मनगटाकडे पाहिलं. चार वीस झाले होते.

"कोण होतं?" मुकादमाने विचारलं.

"कुणी नाही," काका म्हणाले, आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच घंटा, तेच शब्द. काकांच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण चौदा जिवंत माणसं लाइनवर होती. लाइनवर माणसं असताना गाडी घ्यायची नाही, हाही नियमच. माणूस काही एका रात्रीत बदलत नाही.

तिसऱ्या दिवशी तीन वाजताच त्यांनी काम थांबवलं. सगळ्यांना फलाटावर बोलावलं आणि मुकादमाला मोजायला सांगितलं.

"चौदा पुरे आहेत," मुकादम म्हणाला. मग आवाज खाली आणून, "काका, गाडी यायची कुठून? पुढे रूळच नाहीत."

"रूळ नसले तरी माणसं बाजूला पाहिजेत."

एवढं बोलून ते खोलीत गेले. घंटा वाजली. तोच प्रश्न आला. काकांनी दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला.

"सोड," ते म्हणाले. "गोळा नको. माझ्या जबाबदारीवर सोड गाडी."

 मग, "पण बाबा... नियम..."

"नियम मीच शिकवला होता, मीच मोडतोय. चुकलो मी, बाळा. सोड त्यांना."

"बरं, बाबा."

घंटेचे दोन ठोके पडले, गाडी सुटल्याचे. थोड्या वेळाने बाहेर नव्याने बसवलेले रूळ गुणगुणू लागले. पुढे चार किलोमीटरवर ते संपत होते, तिथून नुसती खडी होती, तरीही ते गुणगुणत होते. चौदा माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली.  धुकं एका बाजूने फाटल्यासारखं सरकलं, वारा अंगावर आला, जळक्या लाकडाचा आणि नासलेल्या दुधाचा वास आला. मग तो वारा फलाटापाशी थांबला. दिसलं काहीच नाही. फक्त पावलं ऐकू आली, शेकडो, हलकी, न बोलता उतरणारी. ती माणसांच्या अगदी समोरून गेली आणि फाटकाबाहेर विरली.

काका फलाटाच्या टोकाला उभे होते. हातात मफलर होता. शेवटचं पाऊल विरेपर्यंत ते थांबले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं रेल्वेत काढूनही हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही! स्टेशन मास्तर गाडीत बसत नाही. तो गाडी सोडतो आणि मागे राहतो.

ते धावत खोलीत आले. "छोट्या! पोचली गाडी. सगळे उतरले. आता तू ये."

"येतो ना, बाबा." आवाज आता लांबून येत होता. "सोडवायला माणूस आला की येतो."

त्यानंतर घंटा वाजली नाही. काकांनी कामाचा सपाटा लावला. लष्कराची माणसं म्हणत, पुढचा पट्टा तपासून होऊ द्या. काका ऐकत नसत. सुरुंगाने एका कामगाराची टाच उडाली, तेव्हापासून ते स्वतः सगळ्यांच्या पुढे पन्नास पावलं चालायला लागले. मुकादम म्हणायचा, "काका, जिवाची काही पर्वा?" काका गेजपट्टी रुळांवर टेकवून माप बघत राहायचे.

गाडी सोडल्यापासून अठराव्या दिवशी, भर दुपारी, ते नदीकाठच्या स्टेशनात एकटेच पुढे पोचले. खोलीला तीनच भिंती उरल्या होत्या. टेबल होतं, खुर्ची होती, तार तुटलेला काळा फोन होता. आणि ड्यूटीची वही उघडी होती. पानं फुगलेली, पण अक्षर ओळखीचं, ठसठशीत. आठ महिन्यांच्या प्रत्येक तारखेला एकच ओळ होती: 'गोळा नाही. थांबलो आहे.' अठरा दिवसांपूर्वीच्या तारखेला मात्र लिहिलं होतं: '४.२० ला गाडी सोडली. बाबांनी सांगितलं म्हणून.' त्याखाली 'चार्ज दिला' आणि त्याची सही. शेजारी 'चार्ज घेतला' आणि पुढे कोरी जागा.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही तर मेल्यावरही गेली नव्हती. काकांना हसू आलं आणि त्या हसण्यातच हुंदका फुटला. त्यांनी मफलर खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "ऊठ रे राजा," ते म्हणाले. "जेवण निवतंय. घेतला मी चार्ज." आणि कोऱ्या जागेत त्यांनी सही केली.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. उंच माणसाचा उसासा कानापाशी येऊन गेला. काकांनी वळून पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि तिच्या पाठीवर मफलर नव्हता. मग ते त्या खुर्चीत बसले.

काळा फोन वाजला.

"अहो!" काकूंचा आवाज, रडतोय की हसतोय कळेना. "छोट्या आलाय! आत्ता, एवढ्यात. दारात उभा होता. फार थकलाय हो, बोलत काही नाही... नुसता पानावर बसलाय. मफलर घातलाय गळ्यात, पण ओला गच्च आहे. आणि हात किती गार..." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही कधी येताय?"

बाहेर खडीवर बूट वाजले. मुकादम पडक्या भिंतीतून आत आला, टेबलापासून तीन पावलांवर उभा राहिला आणि थेट खुर्चीकडे बघत घाबऱ्या आवाजात म्हणाला, "काका? अहो काका... कुठे गेलात?"

गेजकाकांनी त्याला दोनदा हाक मारली. मग सावकाश रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"तू त्याला पोटभर वाढ," ते म्हणाले. "मला सोडवायला माणूस आला की येतो."