रिकामी ओळ

गिरिजा कामचुकार नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिच्याच नावानं बोटं मोडाल. साताऱ्याकडची पोर. नवरा फौजेत नाईक. त्र्याऐंशी साली त्याची बदली जयपूरला झाली, तेव्हा ही नर्सिंगचं सर्टिफिकेट ट्रंकेत घालून त्याच्यामागं आली. छावणीत क्वार्टर मिळालं आणि रत्नप्रभाबाईंनी काम दिलं.

बाई म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या मेट्रन. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या सहा नर्सेस त्यांच्या हाताखाली होत्या आणि नियम मात्र साठ जणींना पुरतील एवढे. त्यातला सगळ्यात कडक नियम तक्त्याचा. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, नाडी नि श्वास मोजायचे, पाणी पाजायचं आणि मगच तक्त्यात शाईनं लिहायचं. शेवटच्या रकान्यात ज्यानं कूस बदलली त्याची सही.

"रिकामी ओळ मला चालेल," बाई म्हणायच्या. "खोटी चालणार नाही."

बाई बोलायच्या, पोरी माना डोलवायच्या आणि सहाच्या सहा जणी आपापल्या पाळीचा तक्ता आल्या आल्या भरून मोकळ्या व्हायच्या. बाराला डावी कूस, दोनला पाठ, चारला उजवी, सहाला पुन्हा डावी. रोज तेच तर असतं! गिरिजाही भरायची. सही मात्र ती काम झाल्यावरच करायची. तेवढाच तिच्या मनाला आधार.

तिचा रुग्ण बनी पार्कातला. निवृत्त सुभेदार मेजर हिंदुराव, घरचे त्यांना आबा म्हणत. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, उजवा हात निकामी झाला. घरात एकटी लेक, माधवी. ती सी-स्कीममधल्या बँकेत, सकाळी निघाली की संध्याकाळी साडेसहाला घरी. जयपुरातच वाढलेली, तिच्या मराठीत हिंदी मिसळायचं.

"आबांना तक्ता वाचून दाखव हं," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मतलब, फौजी माणूस ना! तोंडी सांगितलेलं त्यांना पटतच नाही. लेखी हुकूम पाहिजे. कागदावर आला की मग काय वाट्टेल ते होवो, पाळणारच."

आणि खरंच, वाचून दाखवलं की आबा दोनदा पापण्या मिटायचे. हुकूम पोचला म्हणून.

त्या दिवशी मे महिन्याची भाजून काढणारी लू सुटली होती. खिडक्यांना खसचे, म्हणजे वाळ्याचे, ओले पडदे, खोलीत भर दुपारी काळोख, ओल्या खसाचा जड वास. गिरिजाची चार वर्षांची मुलगी सकाळपासून तापानं फणफणलेली. शेजारणीकडे ठेवून आली होती, पण जीव काही थाऱ्यावर नव्हता. बाराला तिनं आबांना डाव्या कुशीवर वळवलं, नाडी पाहिली, सही केली. सहापर्यंतच्या ओळी सकाळीच लिहून झाल्या होत्या. त्या तिनं पुन्हा वाचून दाखवल्या.

"आबा, दीड तासात येते बघा. दोनच्या आत."

आबांनी पापण्या मिटल्या. दोनदा. दाराला बाहेरून कुलूप लावून ती निघाली.

पण पोरीचा ताप उतरेना, डॉक्टर लवकर मिळेना, परतताना बस वाटेत बंद पडली. कुलूप काढलं तेव्हा साडेचार वाजले होते. आत शिरली आणि तिचे पाय तिथंच थबकले.

आबा उजव्या कुशीवर होते.

पाठीशी उशी नीट लावलेली. पाण्याचा पेला रिकामा. 'माधवीताई लवकर आल्या असतील,' असं तिला क्षणभर वाटलं. पण कुलूप? आणि दुसरी किल्ली बँकेत, ताईंच्या पर्समध्ये. तिनं घाईनं मनगट धरलं. घड्याळ लावून मोजली. शहात्तर. तक्त्यात चारच्या ओळीत तिनं शहात्तरच लिहिली होती.

हुश्श म्हणून तिनं हात सोडला, तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की मनगट गार होतं. बाहेर बेचाळीस डिग्री आणि हात माठाच्या बुडासारखा गार. सोडलेला हात खाली पडला नाही. तसाच वर, ताठ राहिला. सदरा वर करून तिनं डावी बाजू पाहिली. जांभळे डाग. रक्त साकळल्याचे. गिरिजानं वॉर्डात मढी पाहिली होती. आबा डाव्या कुशीवर असतानाच गेले होते, ती निघाल्यावर थोड्याच वेळात.

तरीही छाती हलत होती. मिनिटाला अठरा वेळा. तेही तिनंच लिहिलेलं.

तिनं तक्ता उचलला. दोन आणि चारच्या ओळींपुढे सही होती. वेडीवाकडी 'हिं'. पेन्शनच्या जुन्या कागदांवर असायची तीच.

"आबा..." ती खाली वाकली. "कुणी... कुणी वळवलं तुम्हाला?"

आबा तिच्याकडे बघत नव्हते. उघडे, कोरडे डोळे तक्त्यावर लागलेले. जिवंतपणी कधी नव्हती एवढी दमणूक त्या डोळ्यांत होती. भीतीनं तिची बोबडी वळली होती, पण त्या दमणुकीनं तिला रडूच कोसळलं. म्हाताऱ्याला मेल्यावरही आपण कामाला जुंपलंय!

सहानंतरच्या ओळी रिकाम्या होत्या.

"सहाला संपलं, आबा," ती पुटपुटली. "मग कुठलाच हुकूम नाही. मग जा तुम्ही."

पाच वाजता रत्नप्रभाबाई तपासणीला आल्या. सरळ पलंगाशी गेल्या, नाडी धरली, घाईत तक्त्यातला चारच्या नाडीचा आकडा तेवढा पाहिला. "शहात्तर. शाब्बास! अंग जरा गार लागतंय, पांघरूण घाल." आणि व्हरांड्यात बसून वही लिहू लागल्या. गप्प राहिली असती तर गिरिजाचं काम टिकलं असतं. पण सहाची पाळी घ्यायला सहा जणींतली तारामती येणार होती आणि आल्या आल्या रात्रीचा तक्ता भरून टाकणार होती. गप्प राहून आबा सुटणार नव्हते. पाऊण तास ती व्हरांड्याच्या दाराशी घुटमळली, मग बाईंसमोर येऊन तिनं हात जोडले.

"बाई, मी इथं नव्हते. मी आधीच लिहून ठेवलं होतं. आबा दुपारीच गेलेत."

"वेड लागलंय का तुला? मी आत्ता नाडी बघितली. शहात्तर!"

"शहात्तर मी लिहिलंय, बाई..."

बाईंचं पेन थांबलं. चाळीस वर्षं मनगटं धरलेली बाई ती; बोटांना लागलेला गारवा त्यांना आता आठवला असावा. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"सहानंतर काही लिहायचं नाही," गिरिजा रडत म्हणाली. "एवढं करा. ओळ रिकामी राहू द्या."

"चल," बाई उठल्या.

आतून कुणीतरी वाचत असल्याचा आवाज येत होता. पाळी बदलायच्या वेळी मागचं दार उघडंच असायचं; तारामती तिथून केव्हाच आली होती. पलंगाशी उभी राहून ती मोठ्यांदा वाचत होती, "...चारला उजवी, सकाळी सहाला डावी. ऐकलंत ना, आबा?" आणि वळून हसली. "पेन तुझंच घेतलं गं. सगळी रात्र भरून टाकली. आता कशी निवांत!"

पलंगावर पापण्या मिटल्या. दोनदा.

हॉलमधल्या घड्याळानं सहाचे ठोके दिले. पलंग करकरला. ताठ झालेलं ते जड शरीर, कुणाचाही हात न लागता, सावकाश डाव्या कुशीवर वळलं.

बाईंनी झडप घालून तक्ता ओढला, टराटरा फाडला. छाती हलतच राहिली. मिनिटाला अठरा.

गिरिजानं पायाशी पडलेला तुकडा उचलला. तारामतीनं लिहिलेल्या ओळी होत्या, आठपासून सकाळी सहापर्यंत. प्रत्येक ओळीपुढे 'हिं' अशी सही होती, आणि शाई अजून ओली होती.