पडदा पांढरा झाल्यावर

शुक्रवारी सकाळी दर्वला रुआनने नोरा फाचीनची फिल्म यंत्रावर चढवली. गाणं संपून पडदा पांढरा झाला, आणि त्यानंतर तिला एक आवाज ऐकू आला.

तिने फिल्म मागे घेतली आणि पुन्हा लावली. एकोणीसशे चौऱ्याहत्तरमधलं, आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कोनमाऱ्यातलं एक स्वयंपाकघर. चुलीशी डोळे मिटून बसलेली तरुण बाई. चौकटीबाहेरच्या कुणीतरी तिचा हात हातात घेऊन जात्यासारखा सावकाश फिरवलेला, कारण त्या मुलखात गाणाऱ्याला एकटं गाऊ देत नाहीत. शेवटचा सूर आला आणि चित्र संपलं. मग रिकाम्या पांढऱ्या उजेडात:

"अ खो..."

बस, एवढंच.

दर्वला डब्लिनच्या एका टीव्ही केंद्रात फिल्मसंग्रहाची प्रमुख होती. तिच्या देशात पारंपरिक संगीताच्या जतनावर भाषणं फार उत्तम होतात आणि फिल्मचे डबे गळक्या तळघरात राहतात. आजवर सगळ्यांनी या गाण्याची संगणकावरची प्रतच पाहिली होती. ती प्रत चित्र संपताच संपत असे. मूळ फिल्म यंत्रावर चढवण्याची तसदी एकाही विद्वानाने घेतली नव्हती.

तिने फिल्मचं टोक उजेडात धरलं. ते किंचित तिरकं होतं. केंद्रातले संकलक यंत्राखाली कापत आणि त्यांचा काप सरळ येई. हे काम कात्रीचं होतं.

रविवारी ही फिल्म नोराच्या गावी, ग्लान्ट्रॉच्या गावसभागृहात दाखवायची होती. सगळा खटाटोप एका पाहुणीसाठी चालला होता: पॉलिन हॅच, नोराची मुलगी. लग्नावाचून झालेली, म्हणून मठातल्या बायकांनी तान्हेपणीच उचलून इंग्लंडमध्ये कव्हेंट्रीला देऊन टाकलेली. चित्रीकरणानंतरच्या हिवाळ्यात नोरा वारली.

"गाणं ऐकेनच मी," पॉलिन फोनवर म्हणाली होती. "पण ती बोलायची कशी हो? साधं, घरात बोलतात तसं?"

दर्वलाने तेव्हा सांगितलं होतं की नोराचं बोलणं कुठेच नाही. आता तिला वाटू लागलं, ते होतं आणि कुणीतरी कापून नेलं होतं.

चित्रीकरण करायला आलेली तीनच माणसं होती. निर्माता फिंटन डोर्ली आता वृद्धाश्रमात होता. त्याने फोन उचलला.

"नोराच्या गाण्याचा शेवट तुम्ही कापलात?"

"मी? बाई, मी लांबलचक गाणी मधूनच कापायचो. शेवटाला हात लावायची गरजच पडायची नाही."

"मग फिल्म कुणाकडे होती?"

"गाणी गोळा करणाऱ्या कोलमॉनकडे. शब्द उतरवून घ्यायला नेली होती. मार्टनकडेही असेल, कॅमेरा त्याचाच. हे आता कशाला उकरतेस, पोरी?"

शनिवारी दर्वला ग्लान्ट्रॉला पोहोचली. कॅमेरावाला मार्टन त्याच गावचा. सभागृहात खुर्च्या मांडत होता.

"नोरा फाचीन," त्याने नाव सावकाश उच्चारलं. "पाचीनची नोरा. तुम्ही डब्लिनवाले 'पाचीन' म्हणता ना? इंग्रज बरे तुमच्यापेक्षा."

त्याचा टोमणा रास्त होता. तिथल्या आयरिश भाषेत कुणाला कुणाची म्हटलं, किंवा कुणाला नावाने हाक मारली, की नावाचं पहिलं अक्षर मऊ पडतं; 'पाचीन'चा 'फाचीन' होतो.

"तिचा हात कुणी धरला होता, मार्टन?"

"मी कॅमेऱ्याच्या भोकातून बघत होतो. भोक लहान असतं."

"पण कान तर मोकळे होते?"

मार्टनने एक खुर्ची उचलली आणि होती तिथेच ठेवली. "चहा घेणार?"

गावात तिने आणखी चार दारं वाजवली. चारही ठिकाणी चहा मिळाला, सोड्याचा पाव आणि लोणी मिळालं, हवेबद्दल विस्ताराने ऐकायला मिळालं. नोराचं नाव निघालं की मात्र प्रत्येक जण केटलीकडे वळे.

प्राध्यापक कोलमॉन गिल्व्हरी संध्याकाळी आले. उंच, वाकलेले, अंगात ट्वीडचा जाड कोट. त्यांनी हस्तांदोलन केलं तेव्हा दर्वलाच्या नाकाला व्हिनेगरचा आंबूस वास आला.

"वाटेत चिप्स खाल्ले," ते ओशाळून म्हणाले. "व्हिनेगर जरा जास्तच पडलं."

"सर, नोराचा हात कुणी धरला होता?"

"कुणी शेजारी असेल. घर भरलेलं होतं."

"आणि गाणं पूर्ण आहे?"

"अगदी शेवटच्या सुरापर्यंत. माझा ग्रंथ वाचला असशीलच."

वाचला होता. या मुलखातला गायक शेवटच्या शब्दांशी सूर सोडतो आणि ते शब्द नुसते बोलून टाकतो, गाणं ज्याचं त्याला परत केल्यासारखे. नोरा फाचीन मात्र शेवटपर्यंत गाते, हा गिल्व्हरींचा शोध होता. त्यावर अध्यासन उभं राहिलं. पुढे स्पर्धांमध्ये तसं गाणाऱ्यांना पदकं मिळू लागली. एका पिढीने गाण्याचा शेवट असा गायला, जसा तो कुणीच कधी गायला नव्हता.

रविवारी दुपारी, लोक जमायच्या आधी, सभागृहात चौघंच होती. दर्वला प्रोजेक्टरपाशी उभी होती. मार्टन, कोलमॉन आणि पॉलिन पुढच्या रांगेत बसले होते. आपल्यालाही सगळं ऐकायचंय, असा पॉलिनने हट्ट धरला होता.

"या फिल्मचा आवाज तिच्या कडेवरच्या चुंबकी पट्टीत आहे," दर्वला म्हणाली. "प्रोजेक्टरमध्ये चित्र आधी दिसतं, आवाजाची जागा थोडी पुढे असते. म्हणून पट्टीत प्रत्येक आवाज आपल्या चित्राच्या थोडा आधी भरलेला असतो. नोराचे ओठ गाणं थांबवतात ते चित्र बघून कुणी फिल्म कापली, तर तिच्या पुढच्या बोलण्याचा एक तुकडा मागे राहूनच जातो. कापणाऱ्याला संगीत कळत होतं. फिल्म कळत नव्हती."

तिने टोक लावलं. चित्र गेलं, पडदा पांढरा झाला.

"अ खो..."

"हा सूर नाही. ही बोललीय," पॉलिन म्हणाली.

"हो. आणि 'अ' म्हणजे 'ए', हाक मारलीय. तुमच्या गावात गाणारी शेवटचे शब्द कुणाला उद्देशून बोलते, मार्टन?"

मार्टनने मान खाली घातली. "हात धरणाऱ्याला."

"तुम्हाला हाक मारली असती तर?"

"'अ वॉर्तन' म्हणाली असती."

"फिंटनला?"

"त्याचा 'फ' तर उडूनच जातो. 'अ इंटन'."

"आणि 'क'चा?"

पॉलिनला त्या भाषेतला एकही शब्द येत नव्हता. तरीही तिने सावकाश मान वळवून प्राध्यापकांकडे पाहिलं.

"'ख' होतो," कोलमॉन स्वतःच म्हणाले. "अ खोलमॉन."

"तुमचा शोध," दर्वला म्हणाली. तिचा आवाज इतका सपाट होता की तो ऐकून मार्टन दचकला. "कात्री चालवल्यावर उरलेल्या भगदाडाला तुम्ही शैली म्हणालात. मुलांना ते भगदाड गायला शिकवलंत. खोटं लपवणारे पुष्कळ असतात, सर. त्याच्यावर तळटीपा लिहिणारे कमी."

"आदल्या उन्हाळ्यात मी गाणी गोळा करायला आलो होतो," कोलमॉन म्हणाले. "नंतर तिने दिवस गेल्याचा निरोप पाठवला. मी उत्तर दिलं नाही. कॅमेरे घेऊन परत आलो तोवर मूल नेलेलं होतं. मला वाटलं, ती काही बोलणार नाही. तिने भर स्वयंपाकघरात माझाच हात मागितला. नाही म्हणता आलं नाही मला, सगळे बघत होते."

"आणि सगळ्यांनी ऐकलं," दर्वला मार्टनकडे न बघता म्हणाली.

"मास्तराला नोकरी लागायची होती," मार्टन पुटपुटला. "आणि नोराला काय, लोक तसंही बोलतच होते. नंतर ती गेली. मग कुणी कुणाला सांगायचं? कात्री त्याची होती, बाई. गप्प आम्ही सगळे राहिलो."

दर्वला कोलमॉनजवळ गेली. "काल चिप्सचा वास नव्हता. जुनी फिल्म सडू लागली की असा वास मारते. माझं आयुष्य त्या वासात गेलंय. तुकडा कोटात आहे ना?"

त्यांनी तंबाखूची एक चपटी डबी काढली. झाकण त्यांना निघेना. पॉलिननेच ते काढलं. आत गुंडाळलेली, आक्रसलेली एक पट्टी होती.

"जाळणार होतो. दर वर्षी ठरवायचो," कोलमॉन पॉलिनकडे वळून म्हणाले. "आज तुला देणार होतो."

"देणार होतात," पॉलिन म्हणाली, "की आजही कोटातच ठेवणार होतात?"

त्यांनी डबी दर्वलापुढे केली.

दर्वलाने तुकडा पुसला, फिल्मला जोडला, आणि हाताने धरून धरून यंत्रातून नेला. पडद्यावर नोराने डोळे उघडले. गाताना दिसलेली बाई आणि ही निराळीच. हिच्या ओठाचा एक कोपरा चिडक्या माणसासारखा खाली गेला होता. पॉलिनचाही तसाच जाई. हात अजून त्या दुसऱ्या हातात होता, पण फिरायचा थांबला होता. सूर नव्हता. दूध उतू गेल्याचं सांगावं तितक्या साध्या आवाजात ती बोलली. मार्टनने पॉलिनच्या कानाशी इंग्रजीत अर्थ सांगितला:

"कोलमॉन, तिचं नाव मी साइव्ह ठेवलंय. कुणीतरी तिला या नावाने हाक मारा."

पडदा पांढरा झाला.

कोलमॉननी हात पुढे केला. तो खुर्चीच्या दांड्यावर तसाच उताणा पडून राहिला. पॉलिनने तो घेतला नाही. ती रिकाम्या पडद्याकडे बघत होती.

"परत लावा," ती म्हणाली.

दर्वलाने परत लावलं. नोराने डोळे उघडले, आणि त्या न कळणाऱ्या भाषेतला 'साइव्ह' हा एकच शब्द आला, जो आता पॉलिनला कळत होता.

"ओ," पॉलिन म्हणाली.