‘ठपठोम’ कुठून आला?

“उडवणार? ‘ठपठोम’ उडवणार?” रक्षिता अशी किंचाळली, की धनुषच्या हातातला मैसूरपाक खालीच पडला!

भुवनकाकाने लहानपणी एक भाषा रचली होती, झोझोली. दसऱ्याच्या सुट्टीत आजोबांच्या चामराजपुरमच्या घरी जमलेली रक्षिता, धनुष, स्पंदना ही पोरं तीच बोलायची. आता काका तिच्यावरून मोबाइलचा खेळ बनवत होता.

“माझा प्रत्येक शब्द ‘झो’ने संपतो,” काका म्हणाला. “पाणी लुकझो, मांजर म्याझो. हा एकटाच बेशिस्त! कुठून आला तेही आठवत नाही. संध्याकाळपर्यंत मूळ शोधा, नाहीतर खेळातून उडाला!”

पण ‘ठपठोम’ म्हणजे ‘घाबरू नकोस, मी आहे’! अंधारात, डॉक्टरकडे, निकालाच्या दिवशी पोरं एकमेकांना हेच म्हणायची. तो कसा जाऊ द्यायचा?

“काकाच्या नियमात बसत नाही, म्हणजे काकाने तो बनवलेलाच नाही!” स्पंदना म्हणाली. पोरीचं डोकं भलतंच चालतं!

“मग कशाचा तरी आवाज असेल!” रक्षिता ओरडली.

झालं! पातेली, पाट, दारं, सगळं बडवून झालं.

“अय्यो, घर आहे की बँडवाल्यांचं दुकान?” श्रीनिवासराव आजोबा वैतागले.

घरचा जुना धंदा कापडछपाईचा. धनुषने माळ्यावरून लाकडी ठसा काढला. टेबलावर टेकवला, ठप! वरून मूठ हाणली, ठोम!

स्वयंपाकघरातून काकाची मोठी बहीण, वनजाआत्या, धावत आली. “कोण अडकलंय आत?”

“कुणीच नाही! पण आत्या, तू असं का विचारलंस?” स्पंदना म्हणाली.

आत्याने ठसा हातात घेतला.

“भुवन अगदी लहान होता गं, मीही लहानच. मोठी माणसं आम्हाला ठेवून लग्नाला गेली आणि हा रंगाच्या खोलीत अडकला. कडी निघेना. मी दारापासून हलले की भोकाड पसरायचा! मग दारावर ठसा ठोकत बसले. आवाज ऐकून शेजारी येईपर्यंत हात सुजला. पण तो रडायचा थांबला.”

पोरं आत्याला चिकटून बसली. केवढीशी पोर, आणि केवढी हिंमत!

संध्याकाळी रक्षिताने सगळ्यांसमोर हे सांगितलं. आजोबांनी पोरांच्या पाठी थोपटल्या.

“शाब्बास रे पोरांनो! लग्नाला गेलेल्यांतला मीही एक. परत आल्यावर साधं विचारलंही नाही मी तिला.”

भुवनकाका उठला आणि आत्याचा हात हातात घेऊन बसला.

“अक्का,” तो म्हणाला, “हा शब्द मी बनवला नव्हता. दाराआडून ऐकला होता.”